आधी वेळ, मग तारा

नात विमान चालवायला शिकते आहे. गेल्या सुट्टीत बीडला आली, तेव्हा माझ्या जुन्या ट्रंकेतून निघालेला परकार आणि समांतर पट्टी हातात घेऊन म्हणाली, “आबा, एवढ्यावर समुद्र ओलांडायचात?”

म्हटलं, “हो. शिवाय एक घड्याळ, एक पेन्सिल आणि कान पिळणारा एक माणूस.”

तो माणूस म्हणजे आमचे सर. मूळचे कोकणातले, लिबरेटर विमानांवर तयार झालेले नेव्हिगेटर. मी बालाघाटच्या डोंगरावरचा, पाटोदा तालुक्यातला. निजामाच्या राज्यात जन्मलेला, अलिफ-बेच्या पाटीवर अक्षरं गिरवलेला. साठच्या दशकात त्यांच्या हाताखाली पडलो, तोवर गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. चार इंजिनांच्या त्या पंख्याच्या विमानात इतका आवाज असायचा, की सरांना काही सांगायचं झालं तर ते माझ्या कानावरचा हेडफोन बाजूला सरकवायचे आणि कानाशी तोंड आणून ओरडायचे. त्यामुळं माझ्याकडं जे आहे ते खरोखरच कानमंत्र आहेत. नातीनं लिहून मागितले, म्हणून लिहितो. विमानाशी संबंध नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

ठिपका पेन्सिलनंच काढ

पोरी, पहिली गोष्ट मनात पक्की कर. उपग्रह येण्याआधी समुद्रावरच्या विमानात बसलेल्या नेव्हिगेटरला आपण नेमके कुठं आहोत हे कधीच ठाऊक नसायचं. आपण कुठं असायला हवं, एवढंच त्याला ठाऊक असायचं. निघालो कधी, कोणत्या दिशेनं, किती वेगानं, वारा कुठून आणि किती, एवढ्यावरून तो नकाशावर ठिपका टाकायचा. याला डेड रेकनिंग म्हणतात, आम्ही नुसतं डीआर म्हणायचो. तारे, सूर्य, रेडिओ हे सगळं त्या ठिपक्याची परीक्षा घ्यायला. पण घर चालायचं ते डीआरवरच.

सर सांगायचे, प्रत्येक ठिपक्याशेजारी तीन गोष्टी लिही: वेळ, हा ठिपका कशावरून काढला, आणि तो किती मैल चुकलेला असू शकतो. पहिल्या दोन सगळेच लिहितात. तिसरी लिहायला माणसाला लाज वाटते. ज्याला ती लाज वाटते त्याच्या विमानात मी बसणार नाही, असं ते म्हणायचे.

आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना हे पटकन कळेल. मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते मुकादमाला ठाऊक. पण ज्या जोडप्यानं रोजच्या गाड्यांचा हिशेब स्वतःच्या वहीत, नाहीतर झोपडीच्या कुडावर कोळशाच्या रेघांनी ठेवलेला असतो, त्याला हंगाम संपून पट्टा पडल्यावर उचल किती फिटली हे कुणाला विचारावं लागत नाही. तुझ्या कॉकपिटमधला पडदा मुकादमाच्या वहीसारखा आहे. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण तुझ्या रेघा तुझ्याकडं असू देत.

जिकडं जायचं तिकडं नाक धरू नको

गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला गोदावरी ओलांडणारा जुना नावाडी आठव. पैलतीरावरच्या घाटाला लागायचं असेल तर तो नावेचं तोंड घाटाकडं कधी धरत नसे. धारेच्या वरच्या अंगाला, बरंच तिरकं धरायचा. नाव तिरकी दिसायची आणि सरळ घाटाला लागायची. वाऱ्यात विमानाचं तेच असतं. नाक एकीकडं, वाट दुसरीकडं. या दोहोंतल्या कोनाला ड्रिफ्ट म्हणतात, आणि नेव्हिगेटरचं अर्धं आयुष्य तो कोन मोजण्यात जातं.

दिवसा खालच्या लाटांकडं बघून मोजायचा. दुर्बिणीसारख्या यंत्रात रेघा असायच्या, लाटेवरचा एखादा पांढरा फेस त्या रेघेवरून कसा तिरका सरकतो ते पाहायचं. समुद्रावर पांढरे तुरे किती दिसतात यावरून खालचा वारा किती आहे याचा अंदाज करायचा. रात्री पाण्यावर पेटत राहणारी नळी खाली सोडायची आणि तो ठिणगीएवढा उजेड मागं कुठल्या कोनात राहतो ते बघायचं.

इथं साठचा नियम तोंडपाठ ठेव. एक अंश चुकलीस, तर साठ मैल गेल्यावर एक मैल बाजूला पडशील. बीडहून परळी सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. तीन अंशांची चूक केलीस तर वैजनाथाच्या कळसापासून चार किलोमीटर लांबून निघून जाशील. जमिनीवर त्याचं काही वाटत नाही, औष्णिक केंद्राची धुराडी लांबूनही दिसतात. समुद्रावर ६०० मैल गेल्यावर तेच तीन अंश ३० मैल होतात, आणि धुराडं नसतं.

आधी वेळ, मग तारा

हा सगळ्यात मोठा मंत्र, आणि मी तो स्वतःची चूक करून शिकलो. त्याआधी थोडं आकाश समजून घे.

आपल्या गच्चीवरून उत्तरेला तोंड कर. हात पुढं ताठ कर आणि क्षितिजावर मूठ ठेव. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश भरते. तिच्यावर दुसरी मूठ ठेव. दुसऱ्या मुठीच्या वरच्या काठाला ध्रुवतारा जवळजवळ टेकलेला दिसेल. बीडचा अक्षांश १९ अंश, म्हणून ध्रुव १९ अंशांवर. ध्रुवतारा अगदी ध्रुवावर बसलेला नाही, एका अंशाहून कमी सरकलेला आहे. ती दुरुस्ती आमच्या पंचांगात, म्हणजे एअर अल्मनॅकमध्ये, छापलेली असायची.

आता मुंबईला जा. तिथंही ध्रुव दोन मुठींवरच. कारण मुंबई आणि बीड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मग ध्रुवाकडं बघून तू बीडला आहेस की मुंबईला, हे कसं ओळखशील? ध्रुव ते सांगत नाही. ते घड्याळ सांगतं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. बीड पावणेशहात्तरच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून बीडचा सूर्य माथ्यावर येतो सरासरी बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी. ऋतूप्रमाणं थोडं मागंपुढं होतं. मुंबईत तो त्याहून साडेअकरा मिनिटं उशिरा येतो. म्हणजे पूर्व-पश्चिमेचं अंतर हे खरं तर वेळेचं अंतर आहे. मे महिन्याच्या मध्याला बीडमध्ये सावली पायाखाली गडप होते, त्या दिवशी अंगणात काठी उभी करून हे स्वतः मोजून बघ. पुस्तकातलं कळतं, काठीचं विसरत नाही.

आता माझी चूक. मुंबईच्या रेषेत नाक सरळ दक्षिणेला धरलं, तर बाराशे किलोमीटरवर मिनिकॉय लागतं. लक्षद्वीपच्या बाकीच्या बेटांपासून तुटलेलं, एकटं. मधल्या पाण्याचं नावच नाइन डिग्री चॅनल आहे, कारण तिथून नऊ अंशांची रेषा जाते. बेट संपलं की एट डिग्री चॅनल, त्यापलीकडं मालदीव. खलाशांनी नावातच अक्षांश बांधून ठेवला आहे. जाताना दोन मुठींचा ध्रुव एका मुठीच्याही खाली उतरतो.

रात्र होती. विमानाच्या टपावरच्या काचेच्या घुमटाखाली स्टुलावर उभा राहून मी सेक्स्टंटनं, म्हणजे ताऱ्याचा कोन मोजायच्या यंत्रानं, तीन तारे घेतले. विमान डुलत असतं, म्हणून एकच नजर भरवशाची नसते. दोन मिनिटं तारा यंत्रातल्या बुडबुड्यात धरून ठेवायचा आणि सरासरी काढायची. एका हातानं यंत्र, दुसऱ्या हातात पेन्सिल. मी आधी कोन लिहिला, मग घड्याळाकडं पाहिलं. एवढ्यात काटा पुढच्या मिनिटावर गेलेला. एकेचाळीसच्या जागी बेचाळीस लिहिलं, आणि पुढच्या दोन ताऱ्यांच्या वेळा त्यावरूनच धरल्या.

गणित केलं तर विमान माझ्या डीआरपासून १५ मैल पश्चिमेला निघालं. मी घाईघाईनं वैमानिकाला डावीकडं वळायचा आकडा देणार, तोच सरांनी माझी पेन्सिल धरली. हेडफोन सरकवला. “वारा बदलला का?”

पेटती नळी सोडून ड्रिफ्ट पुन्हा मोजला. मघाइतकाच होता.

“मग पंधरा मैल तू कुठून आणलेस?”

मी गप्प.

“नेमके पंधरा दिसले की आधी घड्याळ बघ. एक मिनिट म्हणजे पंधरा.” सरळ हिशेब आहे: चार सेकंदांत पृथ्वी विषुववृत्तावर एक सागरी मैल सरकते, साठ सेकंदांत पंधरा. अक्षांश माझा बरोबर होता, कारण ध्रुवाला घड्याळाची फारशी पर्वा नसते. चूक सगळी पूर्व-पश्चिमेची होती. मी म्हटल्याप्रमाणं वळलो असतो तर पंधरा मैलांनी बेटाच्या पूर्वेला गेलो असतो, आणि त्या रात्रीच्या धूसर हवेत पुढं फक्त पाणी होतं.

वेळ दुरुस्त केली. ठिपका डीआरशेजारी येऊन बसला. बऱ्याच वेळानं जरा उजव्या हाताला मिनिकॉयचा दिवा दिसला. तो दीपस्तंभ १८८५ पासून तिथं उभा आहे. त्या रात्री तो माझ्यासाठीच बांधला होता असं वाटलं.

तेव्हापासूनची शिस्त सांगतो. आधी सेकंद लिही, मग मिनिट, मग तास, आणि सगळ्यात शेवटी ताऱ्याचा कोन. सेकंद पळतो, तारा कुठं जात नाही. उड्डाणाआधी घड्याळ रेडिओच्या ठोक्यांशी जुळव. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं एटीए नावाचं केंद्र लघुलहरींवर वेळेचे ठोके द्यायचं. घड्याळ पुढं-मागं असलं तरी चालेल, पण किती पुढं-मागं आहे हे वहीत हवं.

आकाशात ओळखी ठेव

एअर अल्मनॅकमध्ये मार्गदर्शनाचे ५७ तारे दिलेले असायचे. सर त्यांची इंग्रजी-अरबी नावं सांगायचे, आणि मला ती पाठ व्हायची नाहीत. मग एके दिवशी आकाशाकडं बघून कळलं, ही तर सगळी आपलीच मंडळी. अल्डेबरान म्हणजे रोहिणी. स्पायका म्हणजे चित्रा. अँटारिस ज्येष्ठा, रेग्युलस मघा, आर्क्टरस स्वाती, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण. दक्षिणेला कनोपस म्हणजे आपला अगस्त्य.

गंमत अशी, की आपल्या शेतकऱ्याला रोहिणी-मृग तोंडपाठ, पण रोहिणी तारा दाखव म्हटलं तर भले भले गडबडतात. त्यांचा दोष नाही. ‘रोहिण्या बरसल्या’ म्हणतात तेव्हा सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो, म्हणजे तो तारा दिवसा सूर्यासोबत उगवतो आणि मावळतो. पावसाच्या हिशेबाची रोहिणी कधी रात्री दिसतच नाही. ती बघायची तर हिवाळ्यात बघ.

माझी आजी नक्षत्रं जाणत नव्हती. तिला तिकांडं, बाजलं आणि शुक्राची चांदणी एवढंच ठाऊक. मोट कधी धरायची, जात्यावर कधी बसायचं, हे ती तिकांड्यावरून सांगायची. सरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “तुझी आजी माझ्या आधीची नेव्हिगेटर.” तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे. ते जवळजवळ आकाशातल्या विषुववृत्तावर आहेत. त्यामुळं जगात कुठंही ते पूर्वेलाच उगवतात आणि पश्चिमेलाच मावळतात. होकायंत्र बिघडलं तरी तिकांडं बिघडत नाही.

तारे निवडताना तीन वेगवेगळ्या दिशांचे निवड. एका ताऱ्यावरून एक रेषा मिळते, तू त्या रेषेवर कुठंतरी आहेस एवढंच कळतं. तीन रेषा एका बिंदूत सहसा मिळत नाहीत, एक छोटा त्रिकोण होतो. त्रिकोण लहान आला तर खूश हो, अगदी बिंदू आला तर संशय घे.

निव्वळ ताऱ्यांवर केवढं अंतर कापलंय माणसांनी, तेही ऐक. दुसऱ्या महायुद्धात क्वांटास कंपनीची कॅटलिना जातीची जलविमानं १९४३ ते १९४५ या काळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गलाला जायची. आपलाच हिंदी महासागर, पण सलग २७ ते ३३ तास. जपानी विमानांच्या धाकामुळं रेडिओवर बोलायची बंदी. नेव्हिगेटर आणि त्याचे तारे. एका उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसायचा, म्हणून त्या फेऱ्यांना ‘डबल सनराइज’ म्हणत.

शिळं उत्तर ताजं करून वाढ

तारे घेऊन, कोष्टकं चाळून, रेषा काढून होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जायची. तेवढ्यात विमान शंभर किलोमीटर पुढं. म्हणजे बीडवर घेतलेल्या ताऱ्याचं उत्तर हातात येतं तेव्हा तू परळीच्या पलीकडं असतेस. म्हणून हाती आलेला ठिपका लगेच पुढं सरकवायचा आणि ‘आत्ता’चा करायचा. हे काम कंटाळवाणं आहे. ते का करायचं, यासाठी सर एकच गोष्ट सांगायचे.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान बांडुंग परिषदेचे प्रतिनिधी घेऊन हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार. दक्षिण चीन समुद्रावर विमानात कुणीतरी लपवलेला टाइमबॉम्ब फुटला. विमान पाण्यावर पडेपर्यंत दहा मिनिटंही मिळाली नाहीत. तेवढ्यात तीनदा धोक्याचा संदेश गेला, आणि त्यात नातुना बेटांजवळची जागा सांगितलेली होती. मग रेडिओ बंद पडला. १९ जणांतले तीन वाचले: सहवैमानिक दीक्षित, नेव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. कर्णिकांनी पुढं त्यावर पुस्तकही लिहिलं. जटार, हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी आणि हे तिघे अशा पाच जणांना अशोकचक्र मिळालं.

मी तेव्हा शाळेत होतो, पेपरात वाचलेलं आठवतं. सरांनी त्याच्याकडं पाहायची वेगळी नजर दिली. ते म्हणायचे, आग लागल्यावर तारे घेता येत नाहीत. जागा सांगायची वेळ येते तेव्हा ती आधीच कागदावर असावी लागते.

मुद्दाम चूक

हा मंत्र ऐकायला उलटा वाटेल. अंधारात शेत ओलांडून ओढ्याकाठच्या विहिरीवर जायचंय असं समज. सरळ विहिरीच्या रोखानं चाललीस आणि ओढ्याला लागलीस, पण विहीर दिसली नाही. आता विहीर वर राहिली की खाली? कळायला मार्ग नाही. शहाणा माणूस आधीच ठरवून थोडा खालच्या अंगाला जातो. ओढा लागला की डोळे मिटून वर वळतो. विहीर सापडणारच.

फ्रान्सिस चिचेस्टर नावाचा माणूस १९३१ साली एकटा, जिप्सी मॉथ या इवल्याशा विमानातून न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला गेला. वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड होव ही दोन बारकी बेटं शोधायची होती. त्यानं मुद्दाम एका अंगाला रोख धरला. सूर्याचा कोन बेटावर जेवढा असायला हवा तेवढा भरला, की बेटाच्या रेषेवर आलो असं समजून तो ठरलेल्या बाजूला वळला. त्याच रेषेवर बेट सापडलं.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेव. २ जुलै १९३७ ला अमेलिया इअरहार्ट आणि तिचा नेव्हिगेटर फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या लेहून चार हजारांहून अधिक किलोमीटर उडून हाउलँड बेट शोधत होते. बेटाची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. त्यांच्या शेवटच्या संदेशांत आपण १५७–३३७ अंशांच्या रेषेवर उत्तर-दक्षिण फिरतो आहोत असं होतं. बेट त्यांना दिसलं नाही. नूनन त्या काळातला नाणावलेला नेव्हिगेटर होता, म्हणून त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. रेषा सापडणं वेगळं आणि तिच्यावर कुठल्या हाताला वळायचं हे ठाऊक असणं वेगळं, एवढंच त्यातून घे.

परतीचा हिशेब जमिनीवर कर

निम्म्या वाटेवर इंजिन गेलं तर पुढं जायचं की मागं फिरायचं? ‘निम्म्याच्या पुढं गेलो असू तर पुढं,’ असं उत्तर देणारा नापास. हजार मैलांची वाट, विमानाचा वेग २०० नॉट, समोरून ५० नॉटचा वारा. जाताना खरा वेग १५०, परतताना २५०. दोन्हीकडं सारखाच वेळ लागेल असा बिंदू काढलास तर तो ५०० मैलांवर येत नाही, ६२५ वर येतो. म्हणजे ६०० मैल गेल्यावरही मागं फिरणंच लवकरचं आहे. मनाला हे पटत नाही, म्हणून मनाला विचारायचंच नाही. निघण्याआधी, चहा घेत, डोकं थंड असताना काढून ठेवायचं. इंधनाचा परतीचा शेवटचा बिंदू वेगळा, तोही काढायचा. दोन्ही नकाशावर लाल पेन्सिलनं.

सुईला आवाज कळतो, गाव कळत नाही

किनाऱ्याजवळ आलो की रेडिओची सुई कामाला यायची. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या केंद्राकडंही ती वळायची. कानात भावगीत आणि सुईच्या टोकाला मुंबई, असा सुखाचा प्रसंग. पण तीन वेळी तिच्यावर विसंबू नको: दिवस उगवताना, दिवस मावळताना आणि ढग गडगडताना. संध्याकाळी आकाशातून परतणाऱ्या लहरी तिला भुलवतात. वादळात तर ती स्टेशन सोडून विजेकडं वळते, म्हणजे जिथं जायचं नाही नेमकं तिकडं बोट दाखवते. सुईनं सांगितलेलं डीआरशी जुळलं तर घे, नाही जुळलं तर वहीत लिहून बाजूला ठेव.

यंत्राला विचारून घे, की ते तुझ्यासाठी चाललंय ना

मग इनर्शियल यंत्रणा आली. फिरते भोवरे आणि विमानाचा प्रत्येक हिसका मोजणारी उपकरणं. बाहेर न बघता, कुणाला न विचारता, आपण किती सरकलो हे तीच बेरीज करून सांगायची. म्हणजे डीआरच, फक्त न थकणाऱ्या कारकुनाचा. तासाला मैल-दोन मैल चुकायची. जंबो विमानात ती बसवूनच आली आणि एअर इंडियाचं पहिलं जंबो १९७१ साली आलं. लांबच्या विमानांतली नेव्हिगेटरची खुर्ची हळूहळू निघाली. मला वाईट वाटलं, पण यंत्र चांगलं होतं.

चांगल्या यंत्रानंही घात होतो. १ सप्टेंबर १९८३ ची गोष्ट. कोरियन एअर लाइन्सचं जंबो अँकरेजहून सोलला निघालं होतं. यंत्रणा शाबूत होती. पण ऑटोपायलट नुसती दिशा धरून राहिला, मार्ग सांभाळायचं काम इनर्शियल यंत्रणेकडं गेलंच नाही. विमान शेकडो किलोमीटर भरकटत सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात अमेरिकेनं जाहीर केलं, की जीपीएस तयार झालं की नागरी विमानांना ते मोकळं राहील. तुझ्या पडद्यावरच्या निळ्या ठिपक्यामागं ही रात्र आहे.

आता त्या ठिपक्याच्या लहरी दाबणारे आणि खोट्या लहरी सोडणारेही निघालेत. युद्धाच्या टापूंजवळून जाणाऱ्या विमानांना त्याचा त्रास होतो, हे तू माझ्यापेक्षा जास्त ऐकत असशील. तेव्हा समुद्रावर तासातून एकदा तरी घड्याळ, दिशा आणि वारा घेऊन स्वतःचा ठिपका काढ आणि पडद्याच्या ठिपक्याशेजारी ठेव. दोन्ही जुळले तर एक मिनिट वाया गेलं. नाही जुळले, तर कोण चुकलं हे शोधायला अजून वेळ हाताशी आहे.

परकार आणि पट्टी तुझ्या बॅगेत ठेवली आहे. वहीही ठेवली आहे, कोरी. पहिल्या पानावर काही लिहायचंच असेल, तर तारीख नंतर लिही. आधी वेळ लिही, सेकंदापासून.